जहाजाच्या पोटांतील धूळ

जुन्नरचें आणि समुद्राचें नातें फार जुनें आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. पुढें याच तालुक्यांतील शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजीमहाराजांनीं आरमार उभें केलें. पुणें जिल्ह्यांतच, लोणावळें येथें, १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं नौदलाची यंत्रविद्या शिकविणारी संस्था सुरू झाली, तेव्हां तिलाहि त्यांचेंच नांव देण्यांत आलें. बॉयलर, इंजिनें आणि वाफेचे नळ यांचें काम तेथें शिकलेल्या तरुणांच्या कित्येक पिढ्या युद्धनौकांच्या पोटांत राबल्या. आजचा विषय त्या पोटांत उडालेल्या धुळीचा आहे. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरी मुलुखाशीं त्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. तर नोकरी संपली कीं खलाशी गांवीं परततो, आणि ही धूळ त्याच्या छातींत त्याच्याबरोबरच घाट चढून येते.

वाफेवर चालणारें जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी भट्टीच. वाफ नळांतून दूरवर न्यावयाची, तर वाटेंत उष्णता वायां जाऊं नये, माणसाचा हात भाजूं नये आणि आग पसरूं नये, असें कांहींतरी नळांभोंवतीं गुंडाळावें लागतें. या कामीं अ‍ॅस्बेस्टॉसला तोड नव्हती. हा खरा दगडच, परंतु कापसासारखा पिंजतां येतो, त्याचें कापड विणतां येतें, दोर वळतां येतो, आणि गिलाव्यांत कालवून तो थापतांहि येतो. तो जळत नाहीं, कुजत नाहीं, आणि स्वस्तहि पडे. त्यामुळें दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बांधल्या गेलेल्या युद्धनौकांत तो सढळ हातानें वापरला गेला. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत ही त्याच पिढीची. इंग्लंडांत १९४५ सालीं तिचा सांगाडा पाण्यांत लोटला गेला, ४ मार्च १९६१ रोजीं ती भारतीय नौदलांत दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजीं निवृत्त झाली. वाफेच्या नौका अशा दीर्घायुषी असतात; त्यांच्या पोटांत काम करणारी माणसें मात्र बदलत राहतात.

नळावरचें आवरण जोंवर अभंग असतें तोंवर तें फारसें उपद्रव देत नाहीं. पण नळाचा सांधा गळूं लागला कीं प्रथम तें फोडून काढावें लागे. बंद जागा, भयंकर उकाडा, आणि त्यांत पांढुरकी धूळ. काम उरकलें कीं तीच धूळ झाडूनें लोटावयाची, म्हणजे ती पुन्हां हवेंत. गोदींतील दुरुस्तीच्या वेळीं तर ती कामगारांच्या कपड्यांवर बसून घरापर्यंत जाई. असे कपडे झटकून धुणाऱ्या स्त्रियांनाहि पुढें तोच रोग झाल्याचीं उदाहरणें विलायतेंतील वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत.

या तंतूंचा सूक्ष्मपणा हेंच त्यांचें बळ. नाकांतील केसांना आणि श्वासनलिकेंतील कफाला चुकवून ते फुफ्फुसाच्या तळाशीं पोंचतात, आणि शरीराला ते विरघळवितां येत नाहींत. तेथें सावकाश व्रण पडून फुफ्फुस राठ होतें. याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुफ्फुसाचा कर्करोगहि होतो, आणि धूम्रपान करणाऱ्यास त्याचा धोका अनेक पटींनीं वाढतो. तिसरा रोग मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाभोंवतालच्या पातळ पडद्याचा कर्करोग. हा क्वचितच आढळतो, परंतु आढळला कीं वैद्याचें पहिलें बोट अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळतें. या व्याधि लगोलग उद्भवत नाहींत. वीस, तीस, चाळीस वर्षें लोटतात. मेसोथेलिओमास कधीं त्याहूनहि अधिक काळ लागतो.

हें ज्ञान नवें आहे असें कोणीं म्हणूं नये. रॉचडेल येथील गिरणींत अ‍ॅस्बेस्टॉसचें सूत काढणारी नेली केरशॉ १९२४ सालीं वारली आणि तिच्या फुफ्फुसांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. १९३० सालीं ब्रिटिश सरकारच्याच चौकशीनें गिरणींतील धुळीचा दोष सिद्ध केला, आणि १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं मेसोथेलिओमाचा संबंध दाखविला. विक्रांत आपल्याकडे आली ती त्याच्या दुसऱ्याच वर्षीं.

आतां असा एक खलाशी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. आंबेगांव तालुक्यांतील एक मुलगा १९६५ सालीं नौदलांत गेला, पंधरा वर्षें बॉयलरखोलींत राबला, आणि १९८० सालीं निवृत्तिवेतन घेऊन घोडनदीच्या कांठीं शेती करूं लागला. प्रकृति धडधाकट. पुढें २०१२ च्या सुमारास त्याला चढ चढतांना धाप लागूं लागली. गांवांत कोणी म्हणतें दमा, कोणी म्हणतें विडी, तर कोणी क्षयाची शंका घेतें. बॉयलरखोलीची आठवण कोणालाच होत नाहीं. त्याला स्वतःलाहि नाहीं.

सैनिकांच्या अपंगत्व-वेतनाचा पाया एकाच प्रश्नावर रचलेला आहे: व्याधि सेवेमुळें उद्भवली, किंवा सेवेनें बळावली काय? यासंबंधींचे नियम १९८२ सालीं झाले, पुढें २००८ व २०२३ सालीं ते नव्यानें आले. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं धरमवीर सिंह यांच्या खटल्यांत १९८२ च्या नियमांचा अर्थ सैनिकाच्या बाजूनें लावला. भरतीच्या वेळीं कागदावर रोगाची नोंद नसेल आणि पुढें रोगामुळें माणसास सेवेंतून काढावें लागलें, तर तो रोग सेवेंतलाच मानावा. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. निकाल उदार आहे. परंतु आपला खलाशी आजारी म्हणून बाहेर पडला नव्हता, धडधाकट घरीं आला होता. अशा माणसासाठीं, सेवा सोडल्यावर ठराविक मोजक्या वर्षांत रोग प्रकट झाल्यास त्याचें मूळ सेवेंत शोधतां येईल, अशी तरतूद नियमांनीं केली. ती ज्या व्याधि लौकर उगवतात त्यांना पुरेशी आहे. तीस वर्षें दडून बसणाऱ्या रोगाला ती कशी पुरावी? माझ्या मतें सारा घोळ या एका मुदतींत आहे.

कारखान्यांतील कामगाराचें तसें नाहीं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टांत अ‍ॅस्बेस्टॉसिस हा व्यवसायजन्य रोग म्हणून गणला गेला. परंतु सशस्त्र दलांतील माणसास त्याच कायद्यानें वगळलें, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंहि वगळलें. सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ रोजीं अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षें, अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरां संपेल तोंवर जपून ठेवण्याचा आदेश दिला. रोगाचा स्वभाव न्यायालयानें नेमका ओळखला होता.

परदेशांत काय झालें? ब्रिटनमध्यें १९४७ च्या एका कायद्याच्या आधारें सैनिकास सरकारवर दावाच लावतां येत नसे. ती आडकाठी १९८७ सालीं निघाली, पण मागील वर्षांना ती सूट लाभली नाहीं. अखेर डिसेंबर १९१५ नव्हे, तर २०१५ सालीं मेसोथेलिओमा झालेल्या निवृत्त सैनिकांस १ लक्ष ४० हजार पौंड एकरकमी घेण्याची मुभा जाहीर झाली. अमेरिकेनें एक साधी पण शहाणपणाची गोष्ट केली. नौदलांतील कोणत्या कामावर अ‍ॅस्बेस्टॉसशीं संबंध आला असण्याचा संभव किती, याचें कोष्टकच तेथील माजी सैनिक खात्यानें केलें आहे. बॉयलरवाल्यापुढें ‘अतिसंभाव्य’ असा शेरा आहे. चाळीस वर्षांपूर्वींच्या धुळीचा साक्षीदार म्हाताऱ्यानें कोठून आणावा? त्याचा हुद्दाच साक्ष देतो. आपल्याकडे असें कोष्टक करण्यास फारसा खर्च येऊं नये.

आपल्याकडे या विषयाचा गाजावाजा झाला तो २००६ सालीं, क्लेमांसो ही जुनी फ्रेंच युद्धनौका अ‍ॅस्बेस्टॉससकट मोडीसाठीं अलंगकडे निघाली होती तेव्हां. ती परत नेण्यांत आली. ओरड मोडीच्या जहाजाबद्दल झाली तें योग्यच. जहाजांवर उमेद घालविलेल्यांची आठवण मात्र त्या गदारोळांत कोणास झाली नाहीं.

ज्यांच्या घरीं असा वृद्ध खलाशी असेल त्यांनीं दोन गोष्टी कराव्या. उपचार हा हक्काच्या वादाहून निराळा आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांस २००३ पासून ई.सी.एच.एस. योजनेखालीं उपचार मिळतात, आणि त्यासाठीं रोगाचें मूळ सिद्ध करावें लागत नाहीं. साध्या क्ष-किरण चित्रांत आरंभींचा दोष निसटूं शकतो, म्हणून छातीचा सी.टी. काढण्याविषयीं डॉक्टरांस विचारावें. अपंगत्व-वेतनाचा अर्ज नाकारला गेल्यास अपील आहे, आणि त्यापुढें २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे; त्याचें एक पीठ मुंबईंत बसतें.

दुसरी गोष्ट आजच करण्याजोगी. एका कागदावर जहाजांचीं नांवें, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हुद्दा कोणता, बॉयलरखोलींत किती काळ, आवरण फोडण्याचें काम स्वतः केलें कीं शेजारीं उभें राहून पाहिलें, आणि बरोबरीचे कोण होते, हें सारें त्याच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावें. सेवापुस्तिकेची प्रत त्याला जोडावी. घोडेगांवाहून वा जुन्नराहून पुण्यास छाती दाखवावयास नेतांना तो कागद औषधाच्या चिठ्ठ्यांबरोबर पिशवींत असावा, आणि डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां त्यांच्यापुढें ठेवावा.