लिली पार : एका खेळाडू मुलीचीं पहिलीं वर्षें

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. त्याच्या पायाशीं चेंडू आणून देणाऱ्याची आठवण मात्र थोड्यांसच राहते. इंग्लंडांतील लिली पार ही मुलगी या दोन्ही कामांत सारखीच तरबेज होती. तिच्या खेळाचीं पहिलीं वर्षें, म्हणजे सुमारें 1919 पासून 1922 पर्यंतचा काळ, आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों. याच काळांत तिच्या देशांतील स्त्रियांस फुटबॉलचीं मोठमोठीं मैदानें मिळालीं, आणि याच काळांत तीं त्यांच्याकडून काढूनही घेण्यांत आलीं.

लिलीचा जन्म 26 एप्रिल 1905 रोजीं लँकशायर परगण्यांतील सेंट हेलेन्स या गांवीं झाला. कांचेचे कारखाने व कोळशाच्या खाणी यांविषयीं हें गांव प्रसिद्ध होतें. बाप कांचेच्या कारखान्यांत मजूर, आणि घरांत सात भावंडें. तेव्हां खेळाच्या शिकवणीवर खर्च करण्याची ऐपत कोठून असणार? मुलींच्या वांट्यास येणाऱ्या शिवणकामांत व स्वयंपाकांत लिलीचें मन रमत नसे. ती भावांबरोबर गांवच्या पडीक जागेंत फुटबॉल आणि रग्बी खेळे. थोरल्या मुलांत टिकाव धरावयाचा तर चेंडू दुरून व जोरानें मारतां आला पाहिजे, हें तिला तेथेंच उमगलें असावें. तिच्या डाव्या पायाची ताकद पुढें सर्वतोमुखीं झाली, ती या पडीक जागेची कमाई होय.

तिला संघ मिळाला तो मात्र महायुद्धामुळें. 1914 सालीं युद्ध सुरू झालें, पुरुष रणांगणावर गेले, आणि कारखान्यांत त्यांच्या जागीं बायका व मुली आल्या. प्रेस्टन शहरीं डिक कर नांवाचा ट्रामगाड्या व इंजिनें तयार करणारा कारखाना होता. तेथें युद्धकाळांत दारूगोळा बनूं लागला. सुटीच्या वेळांत तेथील मुली चेंडू खेळत. कचेरींतील आल्फ्रेड फ्रँकलंड या गृहस्थांनीं हें पाहिलें व त्यांचा रीतसर संघ उभा केला. 25 डिसेंबर 1917 रोजीं त्यांनीं प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर पहिला मोठा सामना 4-0 असा जिंकला. प्रेक्षक सुमारें 10,000 होते, आणि उत्पन्न जखमी सैनिकांच्या रुग्णालयास दिलें गेलें.

युद्ध संपल्यावर हा खेळ थांबेल असें पुष्कळांस वाटलें. तो थांबला नाहीं. लिली प्रथम आपल्या गांवच्या मुलींच्या संघांतून डिक करविरुद्ध खेळली. फ्रँकलंडसाहेबांची नजर पारखी होती. या चवदा-पंधरा वर्षांच्या उंच मुलीला त्यांनीं आपल्या संघांत बोलाविलें. प्रत्येक सामन्यास दहा शिलिंग खर्चासाठीं मिळत. 1920 सालापासून ती प्रेस्टनच्या संघांत दिसूं लागली, आणि पहिल्याच हंगामांत तिनें 43 गोल केले. (पुढें तिला सिगारेटचाही शौक जडला, तो आमच्या वाचकांनीं उचलूं नये!)

तिची जागा कोणती, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. त्या काळीं संघाच्या आघाडीस पांच खेळाडू असत : मध्यें एक, त्याच्या दोहों बाजूंस एकेक, आणि अगदीं कडेला दोघे. लिली बहुधा डाव्या कडेला खेळे. कडेच्या खेळाडूनें रेषेलगत चेंडू पुढें न्यावयाचा आणि मग आडवा मारून गोलापुढें आणावयाचा. हें ऐकावयास सोपें वाटतें. परंतु तेव्हांचा चेंडू जाड चामड्याचा, वादीनें शिवलेला असे आणि चिखलांत भिजला म्हणजे जड होई. पावसाळ्यांत असा भिजलेला चेंडू ज्यानें एकदां लाथाडला असेल, त्याला अधिक सांगणें नको. शिवाय 1925 पर्यंत ऑफसाइडचा नियम आजच्याहून कडक होता : सोबत्यानें चेंडू मारतेवेळीं पुढें असलेल्या खेळाडूच्या व गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. त्यामुळें मधला खेळाडू आगाऊ पुढें जाऊन उभा राहूं शकत नसे. अशा वेळीं ओला चेंडू दुरून नेमका मध्यें पोंचविणारा डावा पाय म्हणजे मोठीच दौलत. तिचा तडाखा अडवितांना एका पुरुष गोलकीपरचा हात मोडला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती आम्ही देतों.

1920 सालचा डिसेंबर महिना या संघाच्या भरभराटीचा. 16 तारखेस डीपडेलवर चक्क रात्रीं सामना झाला. विमानें हुडकण्यासाठीं वापरलेले सैन्याचे सर्चलाइट युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या परवानगीनें आणविले होते, आणि चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. त्यानंतर दहा दिवसांनीं, नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर 53,000 लोक लोटले. आणखी हजारों लोकांस दाराबाहेरून परत जावें लागलें. समोर संघ होता सेंट हेलेन्सचा, म्हणजे लिलीच्या स्वतःच्या गांवचा! संघाची मुख्य गोल करणारी फ्लॉरी रेडफर्ड हिची आगगाडी चुकली. तेव्हां उत्तरार्धांत कप्तान ॲलिस केल ही पिछाडी सोडून पुढें आली, तिनें तीन गोल केले, आणि सामना 4-0 असा जिंकला. त्या एका दिवशीं 3,115 पौंड धर्मादायासाठीं जमले.

पुढील वर्षीं सामन्यांची इतकी मागणी आली कीं संघ 67 सामने खेळला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घाव बसला. 5 डिसेंबर 1921 रोजीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें ठराव केला कीं हा खेळ स्त्रियांस योग्य नाहीं, सबब संलग्न क्लबांनीं त्यांना आपलीं मैदानें देऊं नयेत. धर्मादायाचा पैसा खर्चापायीं फार जातो, असाही आक्षेप घेतला गेला. कामावरची रजा काढून येणाऱ्या मुलीस दिलेले दहा शिलिंग फार झाले, असें आम्हांस तरी वाटत नाहीं. खेळानें स्त्रियांच्या प्रकृतीस अपाय होतो, असें कांहीं डॉक्टरांचें मत पुढें करण्यांत आलें; त्याच बायकांनीं चार वर्षें दारूगोळ्याच्या कारखान्यांत कष्ट उपसले, तेव्हां हें मत कोणास आठवलें नव्हतें. 1921 च्या खाणबंदींत कामावाचून राहिलेल्या खाणकामगारांसाठींही बायकांचे सामने झाले होते. कांहीं अभ्यासकांच्या मतें वरिष्ठांस तेंही रुचलें नव्हतें.

लिली तेव्हां सोळा वर्षांची होती. खेळ ऐन भरास येत असतां मोठीं मैदानें बंद झालीं. तरी संघ मोडला नाहीं. मिळेल त्या मोकळ्या रानांत सामने होत राहिले. 1922 सालीं संघ आगबोटीनें अमेरिकेकडे निघाला. कॅनडांतील असोसिएशननें परवानगी नाकारली, म्हणून संयुक्त संस्थानांत पुरुषांच्याच संघांशीं तो खेळला. सतरा वर्षांची लिली त्यांत होती.

पोटासाठीं तिनें पुढें प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम येथील मनोरुग्णालयांत परिचारिकेचें काम केलें आणि 1951 पर्यंत फुटबॉल खेळत राहिली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षांनीं उठली, तेव्हां लिलीची साठी उलटून गेली होती. 1978 सालीं ती वारली. मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयांत 2019 सालीं तिचा पुतळा उभारला गेला.