चावडीवर तपासलेला डेटाबेस

बदनापूर तालुक्यातल्या एखाद्या गटाचा सातबारा काढायचा असेल, तर आता तहसीलला खेटे घालावे लागत नाहीत. महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा जालना, तालुका बदनापूर, मग गाव आणि गट नंबर निवडायचा. पंधरा रुपये भरले की उतारा हातात. त्यावर शाईची सही नाही, गोल शिक्का नाही. तरीही शासकीय आणि कायदेशीर कामांना तो चालतो, कारण त्यावर डिजिटल सही असते.

या सहीचे वजन किती आहे, हे लक्षात आले की थक्क व्हायला होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. म्हणजे सातबाऱ्यावर जे लिहिले ते खरे, आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करायचे ओझे हरकत घेणाऱ्यावर. समृद्धी महामार्ग बदनापूर तालुक्यातून गेला तेव्हा मोबदल्याचा विचार ज्या कागदापासून सुरू झाला, तो हाच. एका गटाच्या नोंदीत चूक राहिली, तर एका घराची झोप उडते. महाराष्ट्रात असे सातबारे अडीच कोटींच्या घरात आहेत. ते सगळे संगणकात घालून ‘हे खरे आहेत’ अशी सही करायची, हे धाडस सरकारला कसे झाले?

काळाचा हिशेब पाहिला तर हे काम किती अवघड होते ते कळते. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला होता. डिजिटल सहीचा सातबारा लोकांच्या हाती आला तो १ मे २०१८ रोजी. मध्ये तीस वर्षे गेली. टंकलेखनाला तीस वर्षे लागत नाहीत. वेळ लागला तो लिहिलेले बरोबर आहे असे कुणी, कधी आणि कुणासमोर म्हणायचे, हे ठरवायला. सरकारी माहिती तंत्रज्ञान प्रकल्पाच्या पद्धतीचा गाभा याच प्रश्नात आहे.

जगभरच्या सरकारांना हा प्रश्न पडलेला आहे. ब्रिटनमध्ये सिम्पॅक्ट नावाच्या कंपनीने १९७५ मध्ये ‘प्रॉम्प्ट’ नावाची पद्धत बांधली. ब्रिटिश सरकारच्या संगणक आणि दूरसंचार संस्थेने ती १९७९ मध्ये सरकारी संगणक प्रकल्पांसाठी स्वीकारली. तिच्यातूनच १९८९ मध्ये ‘प्रिन्स’ आणि १९९६ मध्ये ‘प्रिन्स-टू’ ही जगभर शिकवली जाणारी पद्धत आली. स्वित्झर्लंडच्या सरकारनेही १९७५ मध्येच ‘हर्मीस’ नावाची स्वतःची पद्धत केली. पुस्तके जाडजूड असली, तरी त्यांतली मुख्य तत्त्वे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. काम कशासाठी करतोय ते सतत तपासा. कोण काय करणार ते आधी ठरवा. काम टप्प्यांत तोडा आणि एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचे दार उघडू नका. शेवटी हातात काय यायला हवे आणि ते चांगले कशावरून म्हणायचे, हे सुरुवातीलाच लिहून काढा. ठरल्यापेक्षा वेगळे काही निघाले, तर खालच्याने परस्पर न उरकता ते वर न्यावे. आधीच्या चुकांतून शिका. आणि पद्धत कामाच्या मापाने बेता.

सातबाऱ्याचे काम चालले ते महसुली परिपत्रकांवर, या पुस्तकांवर नव्हे. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले, की एकाच प्रश्नाशी झगडणारी माणसे दोन दिशांनी एका वाटेवर आलेली दिसतात.

बदनापूरचा सातबारा जवळून पाहू. गाव नमुना सातमध्ये डावीकडे गट नंबर, भोगवटादाराचा वर्ग, हेक्टर-आर मध्ये क्षेत्र, पोटखराबा आणि आकारणी. मध्ये खातेदारांची नावे, त्यांचे खाते क्रमांक, ज्या फेरफाराने नाव लागले त्याचा क्रमांक. उजवीकडे कूळ आणि इतर अधिकार. नमुना बारामध्ये हंगामवार पिके. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुन्या नोंदी उर्दूत, मोडीत. पुढे खासरा पत्रक आणि पहाणी पत्रक आले, हैदराबादच्या १९५० च्या कूळ कायद्याने इतर अधिकारात ‘३८-ई’ सारख्या नोंदी आल्या, एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एका पानावर इतक्या राजवटी आणि इतके कायदे एकमेकांवर बसलेले. प्रत्येक वेळी कुणीतरी जुन्या वहीवरून नव्या वहीत हाताने उतरवून घेतले, आणि प्रत्येक उतरवणीत काही ना काही सांडले.

काय सांडते, ते एका साध्या बेरजेत दिसते. समजा एक गट चार एकरांचा आहे. चार एकर म्हणजे १ हेक्टर ६२ आर. तो चौघा भावांत एकेक एकर वाटला गेला. एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे ४० आर लिहिले गेले. बेरीज १ हेक्टर ६० आर. दोन आर कुठे गेले? कुणीच चोरले नाहीत. गुंठा आणि आर यांतला बारीक फरक चार वेळा पोटात गेला. पण दोन आर म्हणजे दोनशे चौरस मीटर. विहीर आणि गोठा तेवढ्यात बसतो. कागदाच्या वहीत ही बेरीज वर्षानुवर्षे कुणी करत नाही. संगणक मात्र एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही म्हणून तो सातबारा लगेच बाजूला काढतो.

दुसरी गोष्ट कंसाची. वारल्यावर किंवा जमीन विकल्यावर खातेदाराचे नाव वहीत खोडत नसत; तलाठी त्याला कंस करत असे. नाव दिसायचे, हक्क मात्र संपलेला असायचा. आता डेटा एंट्री करणाऱ्या माणसाला अंधुक झालेला कंस दिसलाच नाही, तर विकून मोकळा झालेला माणूस पुन्हा जमिनीचा मालक होतो. उलट, चुकून कंस पडला, तर जिवंत मालक नाहीसा होतो. पुढे २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा अशा संपलेल्या नोंदींवर आडवी रेघ मारून दाखवायचे ठरले. वाचणाऱ्याला शंका राहू नये म्हणून केलेला हा लहानसा बदल. पण लाखो भांडणांचे मूळ अशाच एका चिन्हात असते.

म्हणून पुण्याचे जमाबंदी आयुक्त कार्यालय आणि केंद्र सरकारची माहिती तंत्रज्ञान संस्था एनआयसी यांच्या ई-फेरफार प्रकल्पात शेवटी हवे असलेले फळ नेमके ठरलेले होते: हस्तलिखित सातबाऱ्याशी तंतोतंत जुळणारा संगणकीकृत सातबारा. तिथवर पोचायचे टप्पेही ठरले. आधी डेटा एंट्री, मग ‘एडिट’ मॉड्यूलमध्ये दुरुस्ती, मग आणखी काटेकोर ‘री-एडिट’. डाळ करायच्या तुरीचे जसे, आधी चाळायची, मग पाखडायची, मग ताटात घेऊन हाताने निवडायची. तसा प्रत्येक टप्पा आधीच्यात निसटलेले खडे वेचत गेला. तपासणीची उतरंडही होती. तलाठ्याने सगळे तपासायचे, मंडळ अधिकाऱ्याने त्यातला काही भाग, नायब तहसीलदार आणि तहसीलदारांनी त्याहून थोडा, आणि प्रत्येकाने जबाबदारी अंगावर घ्यायची. चूक सापडली म्हणून तलाठ्याला परस्पर नाव बदलता येत नव्हते. लेखनातल्या प्रमादासाठी कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागे. ठरल्यापेक्षा वेगळे निघाले की वर न्या, हे तत्त्व इथे थेट कायद्यातूनच आले होते.

एवढे करूनही एक गोष्ट उरत होती. संगणक बेरीज तपासू शकतो. तहसीलदार वहीशी ताळा करू शकतो. पण मूळ वहीतच चूक असेल, वडिलांच्या नावाच्या जागी चुलत्याचे नाव असेल, फिटलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच राहिला असेल, तर ते फक्त एकालाच माहीत असते: ज्याची जमीन आहे त्याला.

इथे सरकारने जे केले, त्याचे मला सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. २०१७ च्या उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये, पेरणीची लगबग सुरू व्हायच्या सुमारास राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. गावोगावी संगणकातून काढलेले सातबारे तलाठ्यांनी लोकांसमोर वाचून दाखवायचे, खातेदारांनी ऐकायचे, चूक असेल तर तिथेच सांगायची. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ॲक्सेप्टन्स टेस्ट म्हणतात: बनवणाऱ्याने नव्हे, वापरणाऱ्याने वस्तू पारखून ‘हो, हे मला मान्य’ म्हणायचे. मोठमोठ्या कंपन्यांत ही परीक्षा निवडक लोकांकडून बंद खोलीत करून घेतात. इथे ती चाळीस हजारांहून अधिक महसुली गावांत, मोठ्या आवाजात, भावकीच्या समोर ठेवली गेली. शेजारच्या गटाचे क्षेत्र कानावर पडले की बांधावरचा माणूस बोलणार. वारलेल्याचे नाव वाचले गेले की वारस बोलणार. अक्षर न वाचता येणारी म्हातारीही कान देऊन आपला हक्क तपासू शकणार होती. डेटाबेस तपासण्याची याहून लोकशाही रीत मला माहीत नाही.

प्रिन्स-टूच्या २०२३ च्या सातव्या आवृत्तीत ‘माणसे’ हा घटक पद्धतीच्या केंद्रस्थानी मांडला गेला. आपल्याकडच्या महसूल खात्याला त्याची गरज सहा वर्षे आधीच कळली होती, कारण चावडी ही संस्था त्याच्या हाताशी होती. पद्धत कामाच्या मापाने बेता, या तत्त्वाचे इतके सुंदर उदाहरण पुस्तकांतही सापडणार नाही. अर्थात सगळ्याच गावांत सगळेच खातेदार हजर राहिले असे नाही, आणि सगळ्या चुका निघाल्या असेही नाही. आजही दुरुस्तीचे अर्ज येतात. पण चूक शोधायची जागा कोणती आणि ती सांगायचा अधिकार कुणाचा, हे एकदा ठरले, आणि त्या पायावरच पुढची डिजिटल सही उभी राहिली.

त्यानंतरचा डोलारा बघण्यासारखा आहे. आज खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आय-सरिता प्रणालीत नोंदले जाते आणि तिथून त्याची माहिती ई-फेरफारमध्ये उतरते. संबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नाव चढते. पंधरा दिवसांची ही मुदत म्हणजे चावडी वाचनाचेच नित्याचे रूप आहे. यंत्र क्षणात नाव चढवू शकते. कायदा त्याला मुद्दाम थांबवतो, कारण या पंधरा दिवसांत बोलायचा हक्क माणसाचा आहे.

नमुना बारातही तेच झाले. पूर्वी पिकांची नोंद तलाठ्याच्या पाहणीवर होत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून मोबाइलवर पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरू लागला, पिकाचा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह पाठवू लागला. बदनापूरला ही गोष्ट विशेष शोभते. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इथल्या संशोधन केंद्रातून निघालेल्या तुरीच्या वाणांवर ‘बीडीएन’ ही गावाचीच अक्षरे आहेत. बीडीएन ७११ आणि बीडीएन ७१६ शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. ज्या मातीत तुरीचे वाण वर्षानुवर्षे पारखले गेले, तिथला शेतकरी आता आपल्या तुरीची सरकारी नोंदही स्वतःच घालतो.

प्रकल्प संपतो, अभिलेख संपत नाही. कुणी जन्मते, कुणी जाते, कुणी विकते, कुणी कर्ज फेडते, आणि प्रत्येक वेळी अडीच कोटींतले एक पान बदलते. म्हणून तपासणीचा टप्पा इथे कायमचा चालू राहतो आणि त्यातले शेवटचे काम कुठल्याही अधिकाऱ्यावर ढकलता येत नाही. वर्षातून एकदा आपला सातबारा आणि आठ-अ काढा. नाव, क्षेत्र, बोजा, इतर अधिकार, एकेक रकाना घरात मोठ्याने वाचा, आईला आणि बहिणीला ऐकू जाईल असा. चूक दिसली तर अर्ज द्या, फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत बोला. सर्व्हर कितीही मोठा असो, ही जमीन कुणाची हे त्याला सांगणारे तुम्हीच आहात.