जर्मनीत शिकवणी : फळ्याआधीचे कागद

आपल्याकडे शिकवणी सुरू करायला एक सतरंजी, एक फळा आणि चार मुले एवढे भांडवल पुरते. मी जर्मनीत शाळकरी मुलांना गणित शिकवते हे कळल्यापासून इकडे येऊ घातलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न हमखास येतो : "ताई, तिथे शिकवण्या घेता येतात का?" येतात. पण फळ्याच्या आधी कागद लागतात.

पहिला कागद निवास-परवाना. त्यावर किंवा सोबतच्या पुरवणीवर कामधंद्याविषयी एक ओळ असते, ती शब्दकोश उघडून वाचावी. नोकरी करणाऱ्या पतीच्या वा पत्नीच्या पाठोपाठ आलेल्यांना नोकरी व स्वतंत्र व्यवसाय या दोहोंची मुभा सहसा असते. विद्यार्थ्यांचे तसे नाही. मार्च २०२४ पासून त्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते खरे, पण ही सवलत नोकरीपुरती. घरोघर जाऊन स्वतःच्या हिशेबाने शिकवायचे, तर परकीय नागरिकांच्या कचेरीची वेगळी परवानगी हवी. "रोख घेतले तर कोणाला कळते?" असे सांगणारे आपल्यातही भेटतात. पण कळले तर प्रकरण दंडावर न थांबता परवान्याच्या नूतनीकरणापर्यंत जाऊ शकते. तासाच्या वीस-पंचवीस युरोंसाठी अख्खे शिक्षण पणाला लावणाऱ्यास काय म्हणावे!

दुसरी गंमत अशी की, शिकवणी हा जर्मन कायद्याच्या दृष्टीने 'धंदा' नव्हेच. वकील, वैद्य, लेखक यांच्याप्रमाणे स्वतः शिकवणारा हा 'फ्रायबेरुफ्लर', म्हणजे मुक्त व्यावसायिक. घरून डबे वा मसाले विकणाऱ्या वहिनींना नगरपालिकेत 'गेवेर्बे'ची नोंद करावी लागते, शिक्षकाला नाही. त्याने काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत करकचेरीला कळवायचे. अर्ज संगणकावरूनच भरतात. मग पत्राने करक्रमांक येतो आणि तो प्रत्येक पावतीवर घालावा लागतो. २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे आदल्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंपर्यंत असेल, तर छोट्या व्यावसायिकाला विक्रीकरासारखा कर आकारावा लागत नाही. प्राप्तिकराचा हिशेब मात्र निराळा.

आता जी गोष्ट कोणी सांगत नाही ती. हाताखाली नोकर न ठेवता स्वतंत्रपणे शिकवणाऱ्याला सरकारी निवृत्तिवेतन विम्याची सक्ती आहे. साध्या दुकानदाराला जी नाही ती शिक्षकाला! तीन महिन्यांच्या आत विमा कचेरीला कळवावे लागते. हप्ता १८.६ टक्के. नोकरदाराचा अर्धा हप्ता मालक भरतो. येथे मालकही आपण आणि नोकरही आपण. मिळकत अगदी किरकोळ असली (२०२५ साली ही मर्यादा महिना ५५६ युरो होती) तर सुटका होते. वर्षानुवर्षे न कळवता शिकवलेल्यांना मागील हप्त्यांची एकत्र मागणी येऊ शकते, म्हणून मोबदला ठरवतानाच हा आकडा मनात धरावा. भरलेले पैसे बुडीत मात्र समजू नयेत. भारत व जर्मनी यांचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे आणि पात्रता ठरवताना दोन्ही देशांतली विम्याची वर्षे एकत्र धरता येतात.

पतीच्या आरोग्य विम्यात फुकट सामावलेल्या भगिनींनी आणखी एक पाहावे. त्या सवलतीलाही मिळकतीची मर्यादा आहे, २०२५ साली ती महिना ५३५ युरो होती. पहिला विद्यार्थी घेण्यापूर्वीच विमा कंपनीला पत्र टाकावे आणि उत्तर लेखी मागावे.