नायलॉनचा स्क्रू

सकाळी 5:50
धायरी. बाल्कनीला प्लायवूड ठोकून केलेलं वर्कशॉप. सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत तो चहा संपवतो. आज कंपनीत खाडा, म्हणजे 700 रुपये गेले. टेबलावर सहा बोर्ड आहेत, टाकी भरली की पंप बंद करणारे. नोकरी सांभाळून रात्री जुळवलेले. एका सोसायटीला सहाही हवेत. सेक्रेटरी काका म्हणाले, “बोर्ड चांगलाच असेल रे, पण टेस्ट रिपोर्ट आण. कमिटीला कागद लागतो.”

6:30
जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्डाच्या पाठीवरचा फ्लक्स तो घासून काढतो. चिकट फ्लक्सवर धूळ बसते, धूळ ओल धरते, मग करंटला वाट मिळते. बोर्डाच्या एका अंगाला पंपाचे 230 व्होल्ट, दुसऱ्या अंगाला पाण्यात सोडलेल्या सेन्सरचे 12. मधे कोरी पट्टी, तांबं नाही. व्हर्निअर लावून दाखवतो: 8 मिलिमीटर.
“टाकी धुणारा पाण्यात उभा असतो. ही पट्टी त्याच्यासाठी.”

9:45
भोसरीतली लॅब. फी 2,500, वर 18 टक्के जीएसटी. एकूण 2,950.
“नमुने किती?” मॅडम विचारतात.
“एकच, मॅडम. सहांची फी झेपायची नाही.”

11:10
हाय-पॉट टेस्ट. पायाखाली रबरी मॅट. एक क्लिप पंपाच्या टर्मिनलला, दुसरी सेन्सरच्या. 3000 व्होल्ट एक मिनिट टिकले की पास. मॅडम नॉब सावकाश फिरवतात. 1000. 1500. 2000. आणि टक्क! बझर वाजतो, मशीन ट्रिप होतं.

बोर्ड उलटसुलट करून बघतात. कोरी पट्टी धडधाकट आहे. बोर्ड डब्याला धरणारा लोखंडी स्क्रू मात्र नेमका त्या पट्टीत आलाय. त्याचा वॉशर 7 मिलिमीटरचा. म्हणजे 8 मधले उरले दोन्हीकडे अर्धा-अर्धा. वॉशरच्या कडेला मोहरीएवढा काळा ठिपका.

तो काही बोलत नाही. व्हर्निअर बोर्डाला लावला होता, डब्यात बसवल्यावर लावला नव्हता.
“चारपर्यंत स्लॉट तुमचाच आहे,” मॅडम म्हणतात.

12:50
बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळचं दुकान. नायलॉनचे स्क्रू, वॉशरसकट 3 रुपयांना एक. बोर्डाला दोन, सहांना बारा. 36 रुपये. वडापाव उभ्याउभ्याच खाऊन गाडीला किक.

2:55
परत मॅट, परत क्लिपा. 2000. 2200. त्याचा श्वास अडकलेला. 3000. आता साठ सेकंद. तो घड्याळाकडे बघत नाही, बोर्डाकडे बघतो. काहीच होत नाही. पास.
“रिपोर्ट चार दिवसांनी मेल करते. खाली एक ओळ असेल, वाचा: निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता.”

रात्री 8:15
उरलेल्या पाच बोर्डांचे लोखंडी स्क्रू तो काढतो, नायलॉनचे बसवतो. वायरमन शेजाऱ्याचा इन्सुलेशन तपासायचा मेगर आणलाय. तो 500 व्होल्टचा. लॅबच्या 3000 ची सर त्याला नाही. तरी एकेक बोर्ड लावून बघतो. मग डबा उघडाच ठेवून व्हर्निअर आत घालतो, प्रत्येक स्क्रूपाशी. झाकणाच्या आतून मार्करने तारीख घालतो.

10:20
वहीत हिशेब. बोर्ड 1,400 चा, सहांचे 8,400. माल 3,720. लॅब 2,950. खाडा 700. पेट्रोल 200. स्क्रू 36. उरले 794. रात्रींच्या मजुरीचा रकाना वहीत नाही.

बारा लोखंडी स्क्रू डबीत जातात. रिपोर्ट एका बोर्डाचा आहे. टाक्यांवर सहा लागणार आहेत.