बुवापाड्याच्या गच्चीवरून गुरूचे चंद्र

अंबरनाथच्या बुवापाड्यातून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. गल्लीतले एलईडी दिवे, स्टेशनचा झगमगाट, एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला बदलापूर, आणि या सगळ्याचा प्रकाश पसरवणारी हवेतली धूळ. अंधुक तारे त्यात बुडून जातात. त्यामुळे आकाश बघणं हा सुट्टीत गावी गेल्यावर करायचा उद्योग, असं इथल्या पुष्कळांनी धरून ठेवलं आहे. मला ते अजिबात पटत नाही. चंद्र, शुक्र, गुरू, शनी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ यांना शहराचा उजेड झाकू शकत नाही, आणि स्वस्त साधनांतून सगळ्यांत चांगलं दिसतं ते नेमकं हेच.

सुरुवात टेलिस्कोपने करू नये, दोन्ही डोळ्यांना लावायच्या बायनॉक्युलरने करावी. त्यावर १०×५० असं लिहिलेलं असतं. दहा म्हणजे वस्तू दहापट जवळ आल्यासारखी दिसणार, पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जेमतेम सात मिलिमीटर उघडते, म्हणजे हे भिंग डोळ्याच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं. काही हजार रुपयांत एवढी मोठी उडी दुसऱ्या कुठल्याच वस्तूत मिळत नाही. हात थरथरतो, म्हणून कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवायचे किंवा भिंतीला पाठ लावून बसायचं.

मग गुरूकडे बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले हेच ते चार चंद्र. त्यातला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, कॅलिस्टोला जवळपास सतरा दिवस लागतात. रोज रात्री वहीत गुरूचा गोल आणि ठिपक्यांच्या जागा काढत गेलं, की आठवडाभरात शाळकरी पोरालाही कळतं की तिकडे काहीतरी फिरतंय. पुस्तकात वाचलेलं आणि स्वतः काढलेलं यात फार फरक असतो.

चंद्र पौर्णिमेला बघायला जाऊ नका. तेव्हा सूर्यप्रकाश समोरून पडतो आणि सावल्याच नसतात. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरची विवरं लांब सावल्यांमुळे उठून दिसतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर या सीमेवर येतं.

पुढची पायरी टेलिस्कोपची. इथे पालकांना एक कळकळीची विनंती. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेलं खेळण्यातलं यंत्र घेऊ नका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुप्पट, एवढंच वर्धन कामाचं असतं. साठ मिलिमीटरच्या भिंगाला एकशेवीस पटीपुढे धूसर डागच दिसणार. डगमगत्या तिवईवर तर तेही नाही, आणि मुलाचा उत्साह पहिल्याच आठवड्यात संपतो. ११४ मिलिमीटर आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची साधी परावर्ती दुर्बीण घेतली, तर २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, ३६ पट दिसतं. शनीची कडी ओळखायला ते पुरतं. मार्च २०२५ मध्ये ही कडी पृथ्वीच्या बरोबर पातळीत येऊन जवळजवळ नाहीशी झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जाणार आहेत, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा चांगला काळ आहे.

स्वस्त दुर्बिणीचा विषय निघाला की जॉन डॉब्सन यांचं नाव घ्यावंच लागतं. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात संन्यासी होता. हाताशी पैसा नाही, म्हणून त्यांनी जहाजांच्या खिडक्यांची जाड काच घासून आरसे केले, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची पेटी वापरली. १९६७ मध्ये मठ सुटला. पुढच्या वर्षी त्यांनी सोबत्यांसह फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणारा गट उभा केला. आज जगभर ज्या बैठ्या दुर्बिणीला डॉब्सोनियन म्हणतात, ती ही. आरसा घासून दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही झाल्या आहेत. पुण्यातच १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सगळ्यांत जुनी संस्था.

आता फोटोंकडे येऊ, कारण तरुण मंडळींचा जीव तिथे अडकलेला असतो. फोनचा कॅमेरा नेत्रिकेवर धरला की चंद्राचा फोटो येतो. काहीशे रुपयांची पकड मिळाली तर हात मोकळा राहतो. बहुतेकांचा चंद्र पांढरा गोळा होतो. काळं आकाश बघून फोन आपण होऊन प्रकाश वाढवतो आणि उन्हात न्हालेला चंद्र जळून जातो, म्हणून असं होतं. पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड कमी करायचा, नाइट मोड बंद ठेवायचा आणि बटण टायमरवर लावायचं. बोटाच्या धक्क्यानेही चित्र हलतं.

ग्रहांचा मात्र फोटो काढू नये, एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा. आपल्या डोक्यावरची हवा सतत उकळत असते. बहुतेक क्षणी गुरू पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो, मध्येच एखादा क्षण तो स्थिर होतो. व्हिडिओतल्या हजारो चौकटींतून हे स्थिर क्षण निवडून एकमेकांवर रचायचं काम ऑटोस्टॅकर्टसारखी मोफत सॉफ्टवेअर करतात. शंभर चौकटी एकत्र केल्या की चित्रातली खरखर दहाव्या हिश्शावर येते. मोठ्या भिंगाची उणीव गणिताने बरीच भरून निघते, आणि या छंदात मला सगळ्यांत आवडतो तो हाच भाग.

हवेचं आणखी एक. पत्रे आणि स्लॅब दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती उष्णता सोडतात. आठ वाजता शनी वितळल्यासारखा दिसला तर दुर्बिणीला दोष देऊ नका. मध्यरात्रीनंतर बघा, शेजारच्या पत्र्यावरून नजर जाणार नाही अशी जागा शोधा. रस्त्यावरचा दिवा डोळ्यांत येत असेल तर वाळत घालायच्या दोरीवर जाड चादर टाका.

दुर्बिणीशिवायही इथे करण्यासारखं आहे. बुवापाड्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश, म्हणून ध्रुवतारा उत्तरेला साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश भरते, म्हणजे दोन मुठी. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेला, मलंगगडाच्या दिशेने पाहिलं, तर जवळजवळ तेवढ्याच उंचीवर अगस्त्य तारा तळपतो. मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, मेमधला दिवस सहसा हाती लागतो.

जे हरवलं आहे तेही सांगायला हवं. अंबरनाथच्याच वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. त्याच्या सहाच वर्षं आधी, १०५४ च्या जुलैत, वृषभ राशीत एक तारा फुटला. चिनी निरीक्षकांच्या नोंदीनुसार तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता. त्या स्फोटाचा उरलेला धूर म्हणजे खेकडा तेजोमेघ. चार इंची दुर्बिणीतून तो फिकट डागासारखा दिसतो, पण त्यासाठी अंधार लागतो आणि अंबरनाथच्या आकाशात तो आता मिळत नाही. तो अंधार हवा असेल तर बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. हॅलेचा धूमकेतू १९८५-८६ मध्ये आला तेव्हा मुंबईत उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षं रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम या वांगणीत घेतले आहेत. लोकलने दोन स्टेशनांचं अंतर. इथल्या शाळांनी मुलांना हिवाळ्यातल्या एका अमावास्येला तिथे न्यायला काय हरकत आहे?

दोन काळज्या घ्या. चार महिन्यांच्या पावसात भिंगावर बुरशी धरते आणि एकदा काचेवर चरे पडले की ते पुसून जात नाहीत. दुर्बीण झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, उघडीप मिळेल तेव्हा वारा लागू द्या. आणि सूर्याकडे कुठल्याही दुर्बिणीतून, एक क्षणही, थेट बघू नका. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास सूर्यासाठी केलेला फिल्टर नसेल तर सूर्य बघायचाच नाही. एक्स-रेची फिल्म, काळा चश्मा, काजळी धरलेली काच यांपैकी काहीही चालत नाही. दृष्टिपटल जळताना दुखत नाही, त्यामुळे मुलाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. घरात दुर्बीण येईल त्या दिवशी आधी हे सांगा, मग चंद्र दाखवा.