पिवळा दिवा लागला, पण दोष कोणाचा?

गाडीतला इंजिनाचा दिवा लागताच नवा सेन्सर आणायला धावू नका. थोडी तपासणी घरीच करता येते आणि गरज असेल तर सेन्सरही घरीच बदलता येतो.

सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाऊ लागते, मागून काळसर धूर येतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच प्रकार घडतात. 'गाडी चालतेय ना, मग राहू द्या' म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष केले जाते, नाहीतर गॅरेजवाला सांगेल तो भाग मुकाट्याने बदलून घेतला जातो. दोन्हींत नुकसान आपलेच.

खरे तर इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर बदलणे हे अनेक गाड्यांत तासाभराचेही काम नसते. तो बदलायला हवा की नको, हे ठरवण्यातच खरे कौशल्य आहे.

चोकचे काम सेन्सरकडे

ज्यांनी अॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० चालवली आहे, त्यांना चोकची दांडी आठवत असेल. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, म्हणून सकाळी चोक ओढायचा आणि इंजिन तापले की आत ढकलायचा. ढकलायला विसरले की पेट्रोलची नासाडी ठरलेली!

सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसे कार्बुरेटर मागे पडले आणि हा हिशेब गाडीतल्या संगणकाकडे गेला. पण इंजिन गार आहे की गरम, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते काम इंजिनातल्या कूलंटमध्ये बुडालेला छोटासा सेन्सर करतो. त्याच्या आत तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा एक तुकडा असतो. बहुतेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला हा रोध दोन ते तीन हजार ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. हा सेन्सर बिघडून 'इंजिन गारच आहे' असे सांगत राहिला, तर संगणक जास्तीचे पेट्रोल सोडतच राहतो. म्हणजे दिवसभर चोक ओढून गाडी चालवल्यासारखेच झाले.

तक्रार करणारा गुन्हेगार नसतो

दिवा लागतो तेव्हा संगणकाने एक कोड नोंदवून ठेवलेला असतो. अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्याला कोड रीडर जोडला की हा कोड वाचता येतो. मोबाइलवर चालणारे साधे रीडर काहीशे रुपयांपासून मिळतात.

मात्र कोडचा अर्थ नीट समजून घ्या. 'पी ०११८' म्हणजे तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त आहे. याला सेन्सर कारण असू शकतो, तसाच सैल झालेला कपलर किंवा पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेतलेल्या उंदराने कुरतडलेली वायरही. 'पी ०१२८' आला, तर इंजिन पुरेसे तापत नाही असा त्याचा अर्थ होतो. तिथे बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो आणि सेन्सर बिचारा खरे तेच सांगत असतो. सेन्सर बदलून मोकळे झालात, तर दोन दिवसांत दिवा पुन्हा हजर! शिवाय बरेच दुकानदार विजेवर चालणारा भाग एकदा विकला की परत घेत नाहीत.

उणे ४० अंशांची खूण

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सकाळी बाहेरच्या हवेइतकेच थंड असते. म्हणून गाडी सुरू न करता फक्त चावी फिरवा आणि रीडरवर कूलंटचे तापमान पाहा. नागपुरात मे महिन्याच्या सकाळी ते तिशीच्या आसपास दिसायला हवे. त्याऐवजी उणे ४० दिसले, तर हवामान बदललेले नसते, सर्किट कुठेतरी तुटलेले असते.

आता चावी बंद करून कपलर काढा. पिना हिरव्या पडल्या आहेत का, आत पाणी शिरले आहे का, वायर कुठे सोललेली आहे का, ते बघा. पुष्कळदा कपलर साफ करून घट्ट बसवला की काम भागते. तसे न झाल्यास मल्टिमीटरने सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजून गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहा. आकडे जुळत नसतील, तरच नवा सेन्सर आणा. जुन्यावरचा पार्ट नंबर दुकानात दाखवा. काही जुन्या गाड्यांत काट्यासाठी वेगळा आणि संगणकासाठी वेगळा सेन्सर असतो.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय कामाला हात लावू नका. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असते. वाफ जिरण्याआधी कुकरचे झाकण उघडले तर काय होईल, हे घरातल्या कोणालाही विचारा. रेडिएटरचे झाकणही तसेच चेहरा आणि हात भाजून काढते.

१. कोड कागदावर लिहून ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

२. झाकणावर जाड फडके ठेवून ते सावकाश उघडा, उरलेला दाब गेला की पुन्हा लावा. त्यामुळे सेन्सर काढताना कूलंट कमी सांडते.

३. कपलरची खिट्टी दाबून तो ओढा, वायर धरून ओढू नका.

४. नवा सेन्सर हाताशी ठेवूनच जुना काढा. काहींना आटे असतात, काही क्लिपने बसवलेले असतात.

५. नवा वायसर किंवा ओ-रिंग घाला. आटे आधी हाताने बसवा, शेवटीच पाना लावा. खालचा भाग अॅल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा असतो, त्यावर फाजील जोर केला तर तो तडकतो.

६. कमी झालेले कूलंट पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच भरा. नळाचे पाणी घालू नका.

७. बॅटरी जोडा, कोड पुसा आणि पंखा फिरेपर्यंत इंजिन मोकळ्या जागेत चालू ठेवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणे जिवावर बेतू शकते. इंजिन गार झाल्यावर कूलंटची पातळी आणि गळती पुन्हा तपासा.

सांडलेले कूलंट लगेच पुसून धुऊन टाका. त्यात साधारणपणे इथिलीन ग्लायकोल असते. ते चवीला गोड पण विषारी असते. रंगीत पाणी समजून लहान मूल, कुत्रे किंवा मांजर ते चाटू शकते. उरलेले कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत मुळीच ठेवू नका.

कुठे थांबावे?

सगळेच सेन्सर घरी काढण्याजोगे नसतात. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आट्यांत घट्ट बसलेला असतो. नॉक सेन्सर अनेक गाड्यांत मॅनिफोल्डखाली दडलेला असतो. एअरबॅगच्या पिवळ्या आणि हायब्रिड किंवा विजेच्या गाडीतल्या नारिंगी वायरींना तर हातच लावू नये. गाडी वॉरंटीत असेल तर ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच न्यावी.

पिवळा दिवा सतत उघडझाप करू लागला, तर इंजिनात पेट्रोल नीट जळत नसते आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याची भीती असते. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवा. तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा.

हाताला पाना न लावताही ही माहिती उपयोगी पडते. पुढच्या खेपेला गॅरेजमध्ये 'सेन्सर गेलाय' असे कोणी म्हणाले, तर शांतपणे दोन प्रश्न विचारा : कोड कोणता आला आणि वायर-कपलर तपासलात का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांवर चिडत नाही, तो रीडर पुढे करून आकडा दाखवतो. जो दाखवत नाही, त्याच्याकडे जुना भाग परत मागा आणि नवा बसवण्याआधी दुसऱ्या मेकॅनिकला विचारा.