‘कल’ म्हणजे काल की उद्या?

रमजानचा चांद दिसला की शिरवळच्या मुस्लिम घरांत सहर आणि इफ्तारच्या वेळांचा तक्ता भिंतीवर लागतो. किती वाजून किती मिनिटांनी, यावर घर महिनाभर चालते. मोठ्यांना तो तक्ता पुरतो. घरातल्या चार वर्षांच्या मुलाला मात्र आकडे सांगून उपयोग नसतो. त्याचा एकच प्रश्न असतो : ईद कधी आहे? ‘अजून लांब आहे’ असे सांगावे, तर ‘लांब म्हणजे पुण्याएवढी का?’ असे तो विचारू शकतो.

त्याचे चुकत नाही. लांब, जवळ, पुढे, मागे हे शब्द त्याने रस्त्यावर शिकलेले असतात. तेच शब्द आपण वेळेलाही लावतो. मागचा महिना, पुढचे वर्ष, जवळ आलेली ईद. रस्ता दिसतो, वेळ दिसत नाही. १९२८ साली स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे आइन्स्टाइन यांनी बालमानसशास्त्राचे अभ्यासक जाँ पियाजे यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला होता. मुलाला वेळेची जाणीव मुळातच असते, की ती वेगाच्या जाणिवेतून तयार होते? त्याचा माग घेत पियाजे यांनी मुलांच्या कालकल्पनेवर १९४६ साली पुस्तक प्रसिद्ध केले. जो उंच तो वयाने मोठा, असे लहान मुले धरून चालतात, हे त्यांनी दाखवले. मराठीत तर उंचीने मोठा आणि वयाने मोठा, दोघांना शब्दही एकच. त्यामुळे ठेंगणा काका उंच पुतण्यापेक्षा मोठा कसा, हे मुलाला समजावून सांगावे लागते.

शिरवळच्या अनेक मुस्लिम घरांत घरची बोली दखनी-हिंदी आणि अंगणवाडीतली भाषा मराठी. घरी ‘कल’ म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. अंगणवाडीत ताई काल वेगळा सांगतात, उद्या वेगळा. मग एखादे पोर ‘काल आपण मामाकडे जाणार’ म्हणते आणि सगळे हसतात. पण हसणाऱ्यांची मराठीही एका दिवसापलीकडे तशीच आहे. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांत परवा एकच, निवाडा क्रियापद करते. घरात मराठीच बोलणारी मुलेसुद्धा तीन-चार वर्षांची असताना होऊन गेलेल्या सगळ्याला ‘काल’ म्हणतात. गेल्या दिवाळीचा फटाका त्यांच्या लेखी कालचाच असतो. आधी दिशा कळते, अंतर मागाहून. म्हणून नुसते ‘उद्या’ न म्हणता ‘आज रात्री झोपायचं, उठलं की उद्या’ असे सांगितले, की शब्दाला धरायला काहीतरी मिळते.

मोठ्यांची मोजणीही मुलांना गोंधळात टाकते. ‘आठ दिवसांनी ईद’ म्हणताना आपल्या मनात एक आठवडा असतो, म्हणजे सातच दिवस. मूल बोटांवर आठ मोजते आणि त्याची ईद एक दिवस उशिरा येते. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे बहुतेक वेळा दोन आठवडे, चौदा दिवस. मोजायला शिकणाऱ्या मुलाशी बोलताना नेमका आकडा सांगितलेला बरा.

घड्याळ कळण्याआधी मुलाला घरातली कामे कळतात. शिरवळ-खंडाळा परिसरात कारखाने आल्यापासून पाळ्यांचे जगणे कितीतरी घरांत शिरले आहे. ज्याचे वडील रात्रपाळीला जातात, त्याच्यासाठी सकाळ म्हणजे आवाज न करण्याची वेळ. शेतावरच्या घरात सकाळ म्हणजे धारा काढण्याची वेळ. म्हणून ‘सकाळ झाली, आता अब्बा निजतील’ असे सांगणे त्या घरापुरते अगदी बरोबर असते. दोन घरांत कामे वेगळी असली तरी सूर्य एकच असतो.

नमाजच्या वेळाही त्या सूर्यावरूनच ठरतात आणि मराठीत त्यांच्या जवळपासचे जुने शब्द आहेत. फजर म्हणजे पहाट, उजाडण्याआधीची. दुपारी सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर. उन्हे कलली की असर. सूर्य मावळला की मगरिब, म्हणजेच शेजारच्या घरातली दिवेलागण. अंधार पुरता दाटला की इशा. एका घरातले मूल अजान ऐकते, दुसऱ्या घरातले तुळशीपाशी दिवा लागलेला पाहते. दोघेही एकच वेळ ओळखायला शिकतात.

‘आधी’, ‘नंतर’, ‘अजून’, ‘पर्यंत’ हे शब्द त्याहून अवघड. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही. तरी ती हट्टाने दुपारपर्यंतचा अर्धा रोजा धरतात आणि त्या काही तासांत ‘पर्यंत’ या शब्दाचा अर्थ त्यांना पोटातूनच कळतो. महिना मोजायला एक साधा उपाय आहे. रोज इफ्तारला खजुराची एक बी धुऊन वाटीत टाकायला मुलाला सांगावे. वाटीत आहेत ते झालेले रोजे. सात बिया झाल्या की एक आठवडा. अशा वेळी गेलेले दिवस हाताने मोजता येतात.

या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून आपण तासाने येतो. ‘उद्या नेतो’ म्हणतो आणि तो उद्या कधी उजाडतच नाही. मूल त्यातूनही शब्दार्थच शिकते : उद्या म्हणजे नाही. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एका आईने मुलाला ‘ये, तुला काही देते’ म्हणून हाक मारली. प्रेषितांनी विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. ते म्हणाले, दिले नसतेस तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. कुरआनच्या सूरह कहफमध्ये तर ‘उद्या हे करीन’ असे म्हणताना इन्शाअल्लाह जोडायला सांगितले आहे. प्रयत्न आपला, उद्या ईश्वराच्या हाती, ही त्यामागची नम्रता. आज मात्र कित्येकदा तोच शब्द टाळण्यासाठी वापरला जातो. ‘इन्शाअल्लाह, बघू’ ऐकले की मुलांना कळते, विषय संपला.

इफ्तारची अजान मात्र ठरल्या वेळी होते. ‘अजान झाली की खजूर’ हे वचन महिनाभर रोज पाळले जाते, म्हणून मुलाचा त्या ‘की’वर विश्वास बसतो. तोच विश्वास ‘पाच मिनिटां’वर आणि ‘उद्या’वर बसवणे घरातल्या मोठ्यांच्या हातात आहे. जमणार नसेल तर ‘या आठवड्यात नाही जमणार’ असे सरळ सांगावे. मूल रडेल, पण शब्द खरा राहील.

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी सगळी मुले गच्चीवर असतात. ‘आज चांद दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर परवा.’ आज, उद्या, परवा आणि ‘तर’, चारही शब्द त्या एका वाक्यात येतात आणि त्या संध्याकाळी ते कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.